रिकाम्या काट्याचा डेटा

नणंद-भावजयीचं भांडण काही नवलाचं नाही. ते तुपाच्या भांड्यावरून होतं, माहेरच्या साडीवरून होतं, पंगतीत कोणाला आधी वाढलं यावरूनही होतं. पण डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीवरून नणंद-भावजय एकमेकींच्या जिवावर उठल्याचं आदिलाबादेत तरी आजवर कोणी पाहिलं नव्हतं. ते सुवर्णाच्या वाट्याला आलं. आणि तिनं ते गोडीनं घेतलं, असं कोणी सांगत असेल तर साफ खोटं. ती सहा महिने दातओठ खात होती.

नेहा ही तिच्या नवऱ्याची, म्हणजे राजकुमारची, थोरली बहीण. बसस्टँडमागच्या गल्लीत, पाइप-फिटिंगच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन नेहानं स्वतःच्या हिमतीवर कंपनी काढली होती. जिनिंग मिलांना लागणारं काट्याचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरात उतरायचं, साठायचं आणि पावती निघायची. ऐकायला सोपं. पण ऐन हंगामात, चार-चार काट्यांवर, मिलच्या धूळ खाल्लेल्या जुनाट मशीनवर ते चालवणं म्हणजे खायचं काम नव्हे. पडद्यावर दिसतं ते आणि पावत्या नेहाच्या. वजनं जिथं साठतात तो डेटाबेस सुवर्णाचा. लग्न होऊन आल्यावर तिनं तो मुळापासून लिहून काढला होता, आणि त्यात कोणी बोट घातलेलं तिला खपत नसे.

गेल्या हंगामात महिपतराव नावाच्या गिऱ्हाइकाच्या मिलवर वजनावरून मारामारी होता होता राहिली. तेव्हा नेहानं ठरवलं की नुसतं शेवटचं वजन ठेवून भागणार नाही. काटा सेकंदात कितीतरी वेळा आकडा पाठवतो. तो प्रत्येक आकडा ठेवायचा, म्हणजे कोणी आवाज चढवला की दाखवता येईल. ठेवायचं तर जागा लागते, आणि जागा वाचवायची तर डेटा दाबून बसवायचा, मोकळ्या कापसाची प्रेसमध्ये गठाण बांधतात तसा. हे दाबायचं काम करणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, जगात तयार मिळतात, फुकट मिळतात. आपण फक्त निवडायची असते. आणि घोडं पेंड खातं ते इथंच.

सुवर्णाला एक लायब्ररी पसंत होती, नेहाला दुसरी. दोन्ही लायब्रऱ्यांची खरी नावं इंग्रजी अक्षरांची, जीभ अडखळावी अशी. म्हणून ऑफिसात राजकुमारनं त्यांना टोपणनावं दिली. नेहाच्या लायब्ररीला तो अजगर म्हणायचा, कारण ती डेटाला विळखा घालून घालून अगदी एवढुसा करायची, पण सावकाश. सुवर्णाच्या लायब्ररीला तो चितळ म्हणायचा. ती फार दाबत नसे, पण पळायला अशी की डोळ्याची पापणी लवायच्या आत मोकळी.

"अक्का, मिलमधली मशीन कोणत्या जमान्यातली हाये ते तुमाले माहीत हाये ना?" सुवर्णा म्हणाली. "चारी काटे एकाच वेळी आकडे ओतून राह्यले, तर तुमचा अजगर धापा टाकन. आकडे मागं राह्यतीन, वजन पुढं सरकणार नाही, आन् रांग थांबन."

"आन् डिस्क भरली की मिलवाला मले फोन करते, तुले नाही," नेहा म्हणाली. "तुह्या चितळानं जागा कितीशी वाचते? मी गिऱ्हाइकाच्या शिव्या खाते, तू इथं पंख्याखाली बसते. लोकायले काय पायजे ते मले इचार."

"लोकायले काटा चालू पायजे."

"अजगर चितळाले गिळते, बाई. तुमच्या तलमडुगूकडं जंगल नाही म्हून तुले माहीत नसन."

झालं! माहेरचं नाव निघालं की सुवर्णाचं डोकं ठिकाणावर राहत नसे. तलमडुगूकडच्या काळ्या रानात तिच्या बापानं, नागोरावनं, कापूस आणि ज्वारी पिकवून तिला शिकवली होती. नेहाला तो माणूस अंगठाछाप वाटायचा, आणि ते तिनं कधी लपवलंही नव्हतं. सोयरीक झाली तेव्हा देण्याघेण्यावरून दोन्हीकडचे लोक थोडे घासाघीस करून बसले होते. ते सगळे विसरले, नेहा विसरली नाही.

"काऊन, माह्या माहेरचं काय मधात?" सुवर्णानं लॅपटॉप फाडदिशी मिटला. "लायब्ररीचं बोला."

"बोलते ना. परीक्षाच घेऊ," नेहा म्हणाली. तिचा आवाज खाली आला की समजावं, आता ती खरोखर पेटली. "एकच मशीन, एकच डेटा. महिपतरावच्या मिलचा खरा डेटा मी आणते. तुह्यं चितळ जिंकलं, तर डेटाबेसाकडं मी जन्मात पाहणार नाही. अजगर जिंकला, तर तू ही खुर्ची सोडायची. नेरडीगोंड्याले आपल्या दुकानात माह्या मायजवळ बसायचं."

"अक्का, असं काऊन..." राजकुमार मध्ये पडला.

"तू गप बस," दोघी एकदमच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

"मंजूर," सुवर्णा म्हणाली. आपण खुर्ची पणाला लावतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. तो डेटाबेस गेला तर तिचं म्हणावं असं त्या घरात दुसरं काही नव्हतं. पण चितळ हरेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

दोन दिवसांनी नेहा पेनड्राइव्ह घेऊन आली. मिलच्या मशीनसारखंच एक जुनं मशीन टेबलावर ठेवलं. आधी चितळ पळवलं, मग अजगर. आणि काय व्हावं? अजगरानं त्या एवढ्या मोठ्या डेटाची चिमूटभर पूड केली. तीही कशी, धाप नाही, दम नाही, चितळाच्या खांद्याला खांदा लावून. सुवर्णाला वाटलं आपले डोळे फुटले. तिनं पुन्हा पळवून पाहिलं. तेच.

"झालं समाधान?" नेहा म्हणाली.

सुवर्णानं मशीन पुढं ओढलं. तिनं डेटा उघडून पाहिला. आणि पाहिलं तर काय, शून्य. खाली शून्य, त्याखाली शून्य, पानंच्या पानं शून्य. एखाद्या ठिकाणी तीन-चार किलोचा आकडा, काट्यावर कुत्रं येऊन बसलं असेल तेव्हाचा, आणि परत शून्य.

आता यात महिपतरावच्या मिलची एक रीत आहे, ती ठाऊक नसेल तर हे कळायचं नाही. त्या मिलमध्ये दसऱ्याला नारळ फोडून काटा सुरू करतात, आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत तो बंद म्हणून करत नाहीत. महिपतरावच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात काटा बंद केला, आणि त्याच साली मिलमध्ये आग लागली, असं सांगतात. तेव्हापासून कापूस असो नसो, मिलला कुलूप असो, काट्याचे लाल आकडे जळत राहतात. उन्हाळाभर एक गाडी फिरकत नाही, आणि काटा इमानेइतबारे शून्य, शून्य, शून्य लिहीत बसतो. नेहानं आणला होता तो हा डेटा. जाणूनबुजून आणला की न पाहता उचलला, ते नेहाच जाणे. सुवर्णानं मात्र त्याच घडीला ठरवून टाकलं की जाणूनबुजून.

"अक्का, हे उन्हाळ्याचं हाये! रिकाम्या काट्याचं. हे तर कोणीबी दाबन. रिकामं पोतं दाबायले प्रेस कायले पायजे? हंगामातला डेटा आणा, बैल हालते, गाडी हिसका देते, आकडा नाचते, तसला आणा, मंग पाहू."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच हाये!"

"महिपतरावच्या मिलचा खरा डेटा, असं ठरलं होतं. हा महिपतरावच्या मिलचा हाये का नाही? खरा हाये का नाही?" नेहा एकेक शब्द मोजून बोलत होती. "आमच्यात शब्द दिला की पाळते. तुमच्याकडं कसं हाये, मले माहीत नाही."

पुन्हा माहेर. सुवर्णा उठली. पेन, चार्जर, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. राजकुमार जिन्यापर्यंत मागं आला, "अवो, ऐक तं, मी अक्काले समजावतो," म्हणत. त्याच्याकडं तिनं असं पाहिलं की तो तिथंच थबकला. बहिणीपुढं बोलायची त्याची टाप नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

नेरडीगोंड्याचं दुकान हायवेवर. मोटरपंप, फवाऱ्याचे नोझल, रबरी नळ्या. गल्ल्यावर सासू, तुळजाबाई. ती वाईट बाई नव्हती, पण तोंडाची फटकळ. "शिकल्या-सवरल्या दोघी, आन् भांडता कशावरून? म्हणे दाबायचं कशानं! माह्या हाती द्या, दोघीचे गळे दाबते," ती पहिल्या दिवशी म्हणाली, आणि मग रोजच म्हणत राहिली. ट्रक घोंगावत जायचे, दुकानातल्या सामानावर धूळ बसायची, आणि सुवर्णा नोझल मोजून देताना मनात नेहाला उभी-आडवी शिव्या घालायची. तिच्या डेटाबेसात आता अजगर बसला होता. हंगाम सुरू होऊ दे, मग बघू, एवढंच ती घोकत होती. अक्काची भर चौकात फजिती व्हावी, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

दसरा आठवड्यावर आला आणि बापाचा फोन आला.

"सुवर्णा, अवो, यंदा मुहूर्ताची गाडी आपली हाये!" नागोराव ओरडूनच बोलत होता, फोनवर ओरडल्याशिवाय पलीकडं ऐकू जात नाही, अशी त्याची पक्की समजूत. "महिपतरावनं निरोप धाडला."

मुहूर्ताची गाडी म्हणजे दसऱ्याला काट्यावर चढणारी पहिली गाडी. कापूस आता टेम्पोनं येतो, ट्रॅक्टरनं येतो, पण पहिली चढायची ती बैलगाडीच. गावागावांची पाळी असते. त्या गाडीचे बैल सजवतात, मालकाला टोपी-उपरणं घालतात, आणि हंगामातली पहिली पावती त्याच्या नावाची निघते. लोक ती पावती काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावतात. नागोरावनं उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या बैलांना कुंकू लागताना पाहिलं होतं. बैलजोडी परवडत नाही, विकून टाका, असं सगळे सांगत असताना त्यानं ती विकली नाही, ती कदाचित या एका दिवसासाठीच.

"आन् मजा म्हंजे," बाप म्हणाला, "माही गाडी तुह्याच कॉम्प्युटरावर चढून राह्यली. मी गावात सांगतलं, पावती माह्या पोरीच्या हातची निघन."

खुर्ची गेल्याचं तिनं माहेरी सांगितलं नव्हतं. सांगायचं कोणत्या तोंडानं?

"हो बाबा," ती म्हणाली.

आता कोणी म्हणेल, तेव्हाच नेहाला फोन करायचा. राजकुमारला सांगायचं. बापाची गाडी आहे, लायब्ररी बदला. पण तिनं केलं नाही. तिनं हिशेब असा बांधला: अजगर अडकणारच, कोडात चितळ अजून आहेच, कोणतं चालवायचं ते एका ओळीत ठरतं, ती परीक्षेच्या दिवशी तिनंच अजगरावर ठेवलेली, आणि ती कुठं आहे हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. अक्का चारचौघांत तोंडघशी पडेल, आपण जाऊ, ओळ बदलू, बापाची पावती काढू, खुर्ची परत घेऊ. एका दगडात सगळेच पक्षी. दसऱ्याला नवी साडी नेसून ती मिलमध्ये गेली तेव्हा पिशवीत आपट्याची पानं होती, आणि खाली लॅपटॉप होता.

मिलचं आवार गच्च भरलं होतं. चारी काट्यांपुढं टेम्पो-ट्रॅक्टरांच्या रांगा, रांग पार फाटकाबाहेर. मोठ्या काट्याला झेंडूची तोरणं. आणि त्यापुढं बापाची गाडी, पांढऱ्याशुभ्र कापसानं शिगोशीग. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली. नागोरावनं नवं धोतर नेसलं होतं, आणि गर्दीत पोरगी दिसली तशी त्यानं मान ताठ केली.

भटजींनी काट्याला कुंकू लावलं, महिपतरावनं नारळ फोडला. नागोरावच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर उपरणं पडलं. "चाल राजा!" गाडी खडखडत काट्यावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी बाकीच्या तीन काट्यांवरही टेम्पो चढले, त्यांच्या पावत्या मुहूर्ताच्या पावतीनंतर निघायच्या.

आणि काट्याशेजारच्या केबिनमधला कॉम्प्युटरचा पडदा मेल्यासारखा थांबला.

आकडा शून्यावरच. मग बऱ्याच वेळानं कसलंसं वजन आलं, गाडी अर्धी चढली होती तेव्हाचं, आणि तिथंच अडकलं. बाहेर बैल कान हलवत होते, पाय बदलत होते, घुंगरं वाजत होती. काटा तो प्रत्येक झटका पाठवत होता, आणि आत अजगर एकेक आकड्याला विळखे घालत बसला होता. आकडे पूर्ण साठल्याशिवाय पावती निघायची नाही, हा नेहाचाच नियम. चारही काटे ठप्प.

"एमैंदी? तोंदरगा!" रांगेतून तेलुगूत ओरडा सुरू झाला. काय झालं, लवकर करा. हॉर्न वाजू लागले. राजकुमार या काट्यावरून त्या काट्यावर पळत वायरी हलवून पाहत होता. नेहा मशीनपुढं बसून कीबोर्ड बडवत होती. जरीच्या साडीत तिला घामाच्या धारा लागल्या होत्या.

सुवर्णा केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"रिकाम्या काट्यावर तं लय पळत होता ना, अक्का?"

नेहानं मान वळवली. तिच्या नजरेत राग होता, पण पहिल्यांदाच त्यात भीतीही होती. ती भीती पाहून सुवर्णाला गोड वाटलं. उगाच कशाला लपवायचं, गुळासारखं गोड वाटलं.

"ओळ कुठं हाये ते सांग," नेहा म्हणाली.

"मी काऊन सांगू? माही खुर्ची हाये का ती?"

"घे, बस. घे तुही खुर्ची." नेहा उठली.

"तशी नाही." सुवर्णानं कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लॅपटॉप उघडला, मशीनला जोडला. ती ओळ पडद्यावर आणली. आणि मग दोन्ही हात मांडीवर घेतले. "आधी बाहेर जाऊन सगळ्याइच्या समोर सांगा. रिकाम्या काट्याचा डेटा आणून तुमी मले उठवलं, म्हून सांगा. मंग बदलते."

"मी असं काही म्हणणार नाही."

"मंग मीबी बसते."

"सुवर्णा, गिऱ्हाईक जाईन!"

"जाईन तं जाईन. माह्याजवळ दुकान हाये ना नेरडीगोंड्याचं."

महिपतराव घड्याळ पाहत आत डोकावला. "बाई, मुहूर्त टळून राह्यला. करा काहीतरी." भटजीही मागून मान हलवत होते. नेहा ओठ घट्ट मिटून भिंतीकडं पाहत राहिली. सुवर्णा पडद्याकडं. दोघींतली एकही हलेना. बाहेर एका बैलानं शिंग झाडलं, गाडीला हिसका बसला, कापसाचा एक पुंजका खाली पडला, आणि अडलेल्या आकड्यांच्या ढिगात आणखी भर पडली.

मग नागोराव आला. नवी टोपी घामानं भिजलेली, हातात बैलांचा कासरा नव्हता, तो कोणाकडं तरी देऊन आला होता.

"बाई, बिघाड मोठा हाये का वो?" त्यानं पोरीला विचारलं, हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुले काही बोलले का कोणी? घाबरू नको. होते असं. मी सांगतो महिपतरावले, थोडं थांबा म्हून."

वायरी सोडून आत आलेल्या राजकुमारला, आयुष्यभर गप्प बसलेल्या त्या माणसाला, नेमकी तेव्हाच वाचा फुटली.

"मामाजी, बिघाड नाही. एका ओळीचं काम हाये. तिच्या हातात हाये. या दोघी अडून बसल्या."

नागोरावनं उघडा लॅपटॉप पाहिला. पोरीचे मांडीवरचे हात पाहिले.

"हातात हाये?" तो म्हणाला. "मंग?"

"बाबा, अक्काले फक्त एकदा कबूल करू द्या. यायनं मले फसवून..."

"माही गाडी काट्यावर हाये, सुवर्णा."

"दोन शब्दाचं काम हाये, बाबा. दोन शब्द बोलल्या की मी लगेच..."

"माही गाडी काट्यावर उभी ठेवून तू तुह्यं भांडण भांडून राह्यली?"

तो ओरडला नाही. फोनवर ओरडून बोलणारा तो माणूस तेव्हा ओरडला नाही, आणि तेच सुवर्णाला सोसेना. "गावात सांगतलं मी," तो म्हणाला, "पोरीच्या हातची पावती." डोक्यावरची टोपी काढून त्यानं टेबलाच्या कडेला ठेवली, त्यावर उपरणं ठेवलं, आणि वळून गेला.

"बाबा!"

नेहानं ते सगळं पाहिलं. तिला बापाची दया आली, की लोकांसमोर आणखी शोभा नको वाटली, सांगता येत नाही. ती दारात गेली आणि आवारात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हो, आणला मी! रिकाम्या काट्याचा आणला. उघडून पाह्यला होता, माहीत होतं मले! हिले उठवायसाठीच आणला. आता झालं?"

सुवर्णा जिंकली. तिनं ओळ बदलली, बटण दाबलं. अजगर गेला, चितळ आलं. तुंबलेले आकडे भराभर वाहून गेले, चारही काटे एका दमात जिवंत झाले, आणि पडद्यावर मोठ्या काट्याचं ताजं वजन उमटलं.

शून्य.

ती दाराकडं धावली. बापाची गाडी काट्याच्या दुसऱ्या बाजूनं उतरली होती. तो बैलांच्या पुढं चालत होता, कासरा हातात, भरला कापूस तसाच घेऊन, फाटकाच्या दिशेनं. रांगेतले लोक वाट करून देत होते, कोणी काही विचारत नव्हतं. वजन न होता काट्यावरून उतरलेली मुहूर्ताची गाडी त्या मिलनं कधी पाहिली नव्हती. ती आता फिरून चढायची नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"दुसरी घ्या! जोडगाडी घ्या, वेळ नाही," महिपतराव ओरडला. बैल बिथरलेच तर असावी म्हणून दरसाल एक जादा गाडी उभी ठेवतात. शेजारच्या गावच्या कोणाची तरी ती गाडी चढली. बैल हलले, आकडा नाचला, ठरला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पावती बाहेर आली. टाळ्या कडाडल्या. महिपतरावनं टेबलावरची ती टोपी उचलून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवली.

"वा, काय चालते!" महिपतराव केबिनमध्ये येऊन म्हणाला. "आता जमलं."

"बस तुह्या जागी," नेहा म्हणाली. मशीनपुढची खुर्ची तिनं पायानं पुढं ढकलली, आणि सुवर्णाच्या तोंडाकडं न पाहता बाहेर निघून गेली.

सुवर्णा बसली. दिवसभर गाड्या येत राहिल्या, पावत्या निघत राहिल्या, एकदाही काटा अडला नाही. आपट्याची पानं पिशवीतच राहिली. संध्याकाळी रांग संपली तेव्हा तिनं बापाला फोन लावला. तो उचलणार नाही, असं तिला वाटलं होतं. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचले का, बाबा?"

"पोचलो."

"बैल?"

"बांधले." मग त्यानं विचारलं, "पावती निघाली का मंग? पहिली?"

"निघाली, बाबा."

"कोनाची?"

सुवर्णाच्या समोर पडद्यावर ते नाव होतं, पहिल्याच ओळीत. तिला ते वाचता येईना.